निवेदन : रत्नागिरी जिल्ह्याच्या समुद्रकिनाऱ्यांवर पाळीव कुत्र्यांसाठी जागा, वेळ आणि हंगाम ठरवून देण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
जिल्हा रत्नागिरी.

विषय : पाळीव कुत्र्यांना किनाऱ्यावर नेण्याबाबत जिल्ह्यासाठी एकसमान नियमावली करणे, तसेच भाट्ये व कर्दे येथे प्रायोगिक तत्त्वावर राखीव भाग ठरवणे.

मा. महोदय,

आम्ही या जिल्ह्यात राहणारे आणि सुट्टीत पुण्या-मुंबईहून येथे येणारे श्वानपालक आहोत. आमच्यासोबत निवास-न्याहारी चालवणारे काही ग्रामस्थही सह्या करत आहेत. कुत्र्याला घरच्यासारखे वाढवणारी कुटुंबे आता त्याला सोबत घेऊनच कोकणात उतरतात. मुक्कामाच्या जागी त्याची सोय होते. अडचण सुरू होते ती पुळणीवर पाऊल टाकल्यावर.

एका गावात शिटी वाजवून बाहेर काढले जाते, तर शेजारच्या गावात कोणी विचारतही नाही. फलक नाही, वेळ नाही आणि दंड कशाबद्दल हेही लिहिलेले नाही. नियम नसल्यामुळे जबाबदार पालक अपमानित होतो आणि बेजबाबदार पालक मोकळा सुटतो. त्याचा मोकाट कुत्रा कुणाच्या अंगावर धावतो, कुणाच्या वाळत घातलेल्या जवळ्यावर पाय वर करतो. कोळी बांधवांच्या वर्षाच्या कमाईचा तो माल आहे. त्यांचा राग आम्हाला पूर्णपणे मान्य आहे.

म्हणूनच आमची पहिली मागणी आमच्यावरच बंदी घालण्याची आहे. ऑलिव्ह रिडले कासवे साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आपल्या किनाऱ्यांवर अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्ले बाहेर यायला दीड ते दोन महिने लागतात. वाळूखालच्या अंड्यांचा वास कुत्र्याला सहज लागतो. तो कितीही लाडाचा असला तरी पंजे चालवायला त्याला काही क्षण पुरतात. वेळासला २००२ पासून संवर्धनाचे काम उभे राहिले, पुढे आंजर्ले, गुहागर आणि इतर गावे त्यात आली. कासवमित्र पहाटे किनारा तुडवून घरटी शोधतात आणि अंडी हॅचरीत हलवतात. ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेले कासव २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळले. उपखंडाला वळसा घालून येणाऱ्या त्या जिवापुढे आमच्या कुत्र्याची अर्ध्या तासाची धाव मागे राहिली तरी चालेल. जेथे घरटी नोंदली जातात, ते किनारे नोव्हेंबर ते मे या काळात पाळीव कुत्र्यांसाठी पूर्ण बंद करावेत. घरट्यांची नोंद वन विभागाकडे आहेच, तीच आधाराला घ्यावी.

दुसरी बाब मानांकनाची. २०२५ मध्ये राज्यातील पाच किनाऱ्यांना ‘ब्लू फ्लॅग’ मिळाले. त्यांतले गुहागर आणि लाडघर आपल्या जिल्ह्यातले आहेत. या मानांकनाच्या निकषांत कुत्र्यांच्या वावरावर कडक नियंत्रण अपेक्षित आहे. हा मान टिकावा, अशी आमचीही इच्छा आहे. मानांकित भागाच्या हद्दी जागेवर स्पष्ट दाखवाव्यात आणि तेथे कुत्र्यांना मज्जाव करावा. दृष्टिहीन व्यक्तीसोबतच्या प्रशिक्षित कुत्र्याला मात्र अडवू नये.

एवढे सोडून दिल्यावर जे मागतो ते थोडे आहे. घरट्यांसाठीची वरील हंगामी बंदी पाळून, रत्नागिरी शहरालगत भाट्ये आणि दापोली तालुक्यात कर्दे या दोन किनाऱ्यांवर एकेक भाग निश्चित करून द्यावा. कासवांची घरटी, मासळी वाळवण्याच्या जागा आणि होड्या ओढण्याच्या वाटा वगळूनच तो आखावा. जागा ग्रामपंचायत, मच्छीमार सहकारी संस्था आणि वन विभाग यांनी एकत्र फिरून ठरवावी, आम्ही सांगू ती नव्हे. कुत्रा फक्त ओल्या, घट्ट वाळूवर चालेल, मर्यादवेलीच्या पट्ट्यात आणि भरतीरेषेच्या वर जाणार नाही. तो पाच-सहा फुटांच्या दोरीवरच असेल. हिवाळ्यात कुरवांचे थवे उतरतात, त्यांच्यावर कुत्रा सोडणाऱ्याला सरळ दंड करावा. तेथे कुत्र्याला गमतीची धावाधाव वाटते, पण हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याची ती विश्रांतीची वेळ असते.

वेळ सकाळी नऊपर्यंत आणि सायंकाळी पाचनंतर असावी. दुपारी वाळू इतकी तापते की तळपायांना फोड येतात, आणि मुके जनावर मालकाच्या मागे चालतच राहते. कुत्रे तहानेने खारे पाणी पितात, मग उलट्या-जुलाब होतात. म्हणून राखीव भागाजवळ गोड्या पाण्याचा एक नळ हवा. मेलेला केंड मासा, जाळ्यांचे तुकडे, गळ, फुटक्या बाटल्या यांची सफाई झाली तर अनवाणी खेळणाऱ्या मुलांचेही भले होईल.

प्रवेशासाठी रेबीजच्या चालू वर्षाच्या लसीचा दाखला सक्तीचा करावा. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, त्यामुळे येथे सवलत नको. कोकणातील लेप्टोचा इतिहास पाहता लेप्टोस्पायरोसिसची लसही त्यात धरावी. विष्ठा न उचलणाऱ्याला दंड आणि दिवसाचे माफक शुल्क आम्हाला मान्य आहे. ती रक्कम ग्रामपंचायतीने सफाई कामगार आणि जीवरक्षक यांच्यासाठीच वापरावी.

किनाऱ्यावरील भटक्या कुत्र्यांचा प्रश्न वेगळा आहे, पण तो आमच्या प्रश्नात मिसळला जातो. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार त्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण ही स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. कासवांच्या गावांपासून ही मोहीम सुरू करावी, कारण घरटी उकरण्याचे काम मुख्यतः याच कुत्र्यांकडून होते.

अशी व्यवस्था अशक्य नाही. इंग्लंडमधील अनेक किनारी नगरपालिका मे ते सप्टेंबर या गर्दीच्या महिन्यांत ठरावीक किनारे कुत्र्यांना बंद ठेवतात आणि एरवी खुले करतात. हंगाम आणि हद्द फलकावर लिहिलेली असल्याने वाद कमी होतात. आपल्याकडे गर्दीऐवजी कासवांचे वेळापत्रक पाळावे, इतकाच फरक.

येत्या नोव्हेंबरपूर्वी वन विभाग, महाराष्ट्र सागरी मंडळ, पशुसंवर्धन विभाग, संबंधित ग्रामपंचायती, मच्छीमार संस्था आणि कासवमित्र यांची संयुक्त बैठक आपण बोलवावी, आम्हालाही तेथे बाजू मांडू द्यावी आणि दोन्ही किनाऱ्यांवर एका वर्षासाठी ही व्यवस्था सुरू करावी. वर्षअखेर घरट्यांना किंवा ग्रामस्थांना त्रास झाल्याचे आढळले, तर परवानगी रद्द करावी. आम्ही त्यास हरकत घेणार नाही.

कळावे.

आपले विश्वासू,
श्वानपालक नागरिक व निवास-न्याहारी चालक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी : मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, रत्नागिरी; विभागीय वन अधिकारी; सरपंच, ग्रामपंचायत भाट्ये व कर्दे.