परीक्षेच्या दिवशी तप नको, ताट वाढा



मे महिना जवळ आला की आपल्या घरांत दोन प्रकारचे सल्ले सुरू होतात. एक बाहेरचा. क्लासवाले, शेजारी, नागपूरचे नातेवाईक सांगतात की डॉक्टर व्हायचंय तर पोराला अंडं चारा, ताकदीचं काही पाजा, नुसत्या वरणभातावर डोकं चालत नाही. दुसरा सल्ला आपल्यातलाच. पेपरच्या दिवशी आयंबिल कर, निदान एकासणं तरी कर, म्हणजे पेपर सोपा जाईल. मला दोन्ही सल्ले मान्य नाहीत. दुसरा जास्त खटकतो, कारण तो धर्माचं नाव घेऊन येतो.

मी वाणिज्य शाखेची, म्हणून आधी वेळेचा हिशेब मांडते. २०२५ ची 'नीट' ४ मे रोजी दुपारी २ ते ५ होती. १८० मिनिटांत १८० प्रश्न, ७२० गुण आणि चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. ऐकायला तीन तासांचा पेपर. पण केंद्राचं फाटक दीड वाजता बंद होतं आणि मुलांना अकरापासून आत घ्यायला सुरुवात होते. सावलीच्या मुलाचं केंद्र चंद्रपूरला लागलं तर मूलवरून जायचं, म्हणजे सकाळी साडेआठला घर सोडायलाच हवं. तपासणी, रांग, बसायची जागा, पेपर, मग बाहेर पडायची गर्दी. आठला जेवलेलं मूल साडेपाचला मोकळं होतं. साडेनऊ तास झाले. तेही चंद्रपूरच्या मे महिन्यात, जिथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो हे मी तुम्हाला काय सांगायचं!

आता यात आयंबिल बसवून दाखवा. आयंबिल म्हणजे एकाच वेळी, एकाच बैठकीत खाणं. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर काही नाही. ती बैठक कधी करायची? सकाळी सातला केली तर दिवसभर पोट रिकामं. दुपारी करायची तर त्या वेळी मूल रांगेत उभं. आदल्या संध्याकाळी साडेसहाला चौविहार आणि सकाळी नवकारशी धरली तर बारा तासांचं लंघन आधीच झालेलं असतं. आपल्या मुलांचं रोजचं वळणच इतकं संयमाचं आहे. त्यावर आणखी भार कशाला?

यावर नेहमी उत्तर येतं, "श्रद्धा असली की शक्ती येते." श्रद्धेबद्दल मला शंका नाही. पण तत्त्वार्थसूत्रात त्याग आणि तप शक्तीप्रमाणे करावं असंच सांगितलं आहे. आपल्या पच्चक्खाणातही आगार ठेवलेले आहेत, समाधी टिकावी म्हणून सूट दिलेली आहे. नियम घालून देणाऱ्यांनी देहाची मर्यादा ओळखली होती, आपण ओळखायला तयार नाही. शिवाय तप कर्मनिर्जरेसाठी असतं. गुण वाढावेत म्हणून केलेलं आयंबिल हा देवाशी केलेला सौदा झाला, आणि आपले जिनेश्वर तर वीतराग. ते कुणाशी सौदा करत नाहीत. आणखी एक गोष्ट. ज्ञान मिळवणाऱ्याच्या वाटेत अंतराय आणणं हे ज्ञानावरणीय कर्म बांधण्याचं कारण आहे, हे आपण पाठशाळेत शिकलोय. कार्तिकात ज्ञानपंचमीला पुस्तकांची पूजा करायची आणि वैशाखात त्याच पुस्तकांवर दोन वर्षं घासलेल्या मुलीला उपाशी पाठवायचं, हे जुळतं का?

मुलीला, असं मी मुद्दाम लिहिलं. कारण आयंबिलाचा हा आग्रह मुलग्यांना फारसा होत नाही. मुलाला बदामाचा शिरा आणि मुलीला, "तुझं मन घट्ट आहे, तू करशील." कौतुकाच्या नावाखाली तिच्याच ताटातलं कमी होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के जणींना रक्तक्षय आढळला, त्याच वयाच्या मुलग्यांत ३१ टक्के. आपल्या घरातली मुलगी त्या ५९ मध्ये नाही, हे रक्त तपासल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही.

आता पहिल्या सल्ल्याकडे. अंड्याने गुण वाढत नाहीत. परीक्षेच्या सकाळी खाल्लेल्या कोणत्याच पदार्थाने दोन वर्षांचा अभ्यास भरून निघत नाही. त्या दिवशी मेंदूला लागते ती हळूहळू मिळत राहणारी साखर आणि पाणी. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण विसावलेल्या शरीराची वीस टक्के ऊर्जा तोच वापरतो. ही ऊर्जा भात, मूग, ज्वारी, दूध यांतून उत्तम मिळते. आपला भाग धानाचा. पोहे, भात, मुगाची खिचडी घरचीच. आणि ती कॅफीनवाली महागडी पेयं? ती मुलांसाठी नाहीत असं त्यांच्या डब्यावरच छापलेलं असतं. वाचून बघा.

मी काय द्यावं म्हणते ते थोडक्यात. आदल्या संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी साधं वरणभात, दुधीची किंवा दोडक्याची भाजी; तळण नको, बाहेरचं नको. सकाळी नवकारशी पारल्यावर दूध आणि खाखरा. निघण्यापूर्वी तूप घातलेली मुगाच्या डाळीची मऊ खिचडी. सोबत कच्चं ताक नको, द्विदळ होतं. ते तुम्हाला ठाऊकच आहे. आत जायच्या अर्धा तास आधी केंद्राबाहेर सावलीत बसून डब्यातला दहीभात किंवा केळं. तिथी असेल आणि फळ चालत नसेल तर खाखरा आणि मूठभर शेंगदाणे. उकळून गार केलेलं पाणी सकाळपासून थोडं थोडं पाजा, एकदम तांब्याभर नको. आत पाण्याची कसली बाटली चालते ते प्रवेशपत्रावर आधीच वाचून ठेवा. त्या दिवशी नवा पदार्थ एकही नको. सराव परीक्षेच्या रविवारी हेच ताट, याच वेळांना देऊन बघा. श्रीखंड-पुरी आणि शिरा निकालाच्या दिवसासाठी ठेवा. दुपारी दोनला डोळे मिटायला लागले तर त्या शिऱ्याचा काय उपयोग?

मधुमेहाचं किंवा दुसरं काही दुखणं असेल तर माझं नको, डॉक्टरांचं ऐका.

आणि भगिनींनो, एक काम आपलं. मूल साडेपाचला बाहेर येतं, सूर्य साडेसहानंतर मावळतो. हातात तासभरच असतो. चौविहार पाळणारं मूल गाडीत बसलं आणि मूल गाव येईपर्यंत दिवस मावळला, तर सकाळचा एक घास आणि रात्रभर कोरडा घसा. म्हणून घरातल्या मोठ्यांपैकी कुणीतरी डबा आणि पाणी घेऊन फाटकाशी उभं राहायला हवं. पेपर कसा गेला हे नंतर विचारा, आधी खाऊ घाला. ज्यांना तपच करायचं आहे त्यांनी स्वतः एकासणं करून त्या उन्हात उभं राहावं. मी अनुमोदना करीन.

माझ्या लिहिण्याने कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं. पण म्हणणं मागे घेत नाही.