उसनवारी आणि कुंपण

एकाच गल्लीतील दोन हलवायांनी वर्षानुवर्षे एकमेकांच्या मिठाईची नक्कल करावी आणि मग दोघांनी मिळून ‘मिठाई’ हा शब्दच आपल्या मालकीचा म्हणून नोंदवून घ्यावा, असे घडले तर आपण काय म्हणू? अमेरिकेतील चित्रकथांच्या धंद्यात नेमके हेच घडले. ‘सुपरमॅन’ आणि ‘बॅटमन’ छापणारी डीसी आणि ‘स्पायडरमॅन’ छापणारी मार्व्हल या एकमेकींच्या हाडवैरी समजल्या जाणाऱ्या दोन कंपन्या. पण ‘सुपरहिरो’ हा शब्द त्यांनी व्यापारचिन्ह म्हणून संयुक्तपणे नोंदवून घेतला होता आणि चार दशकांहून अधिक काळ तो आपल्या ताब्यात ठेवला. अखेर एका लहानशा संस्थेने त्यास हरकत घेतली. दोन्ही कंपन्यांनी मुदतीत उत्तरच दिले नाही आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तेथील व्यापारचिन्ह मंडळाने ती नोंदणी रद्द केली. मुलांच्या चित्रपुस्तकांवर अग्रलेख कसला, असे कोणी म्हणेल. परंतु कल्पनेचा मालक कोण, हा प्रश्न पोरखेळाचा नाही.

या धंद्याचा इतिहास पाहिला तर त्यात सोवळा असा कोणीच सापडत नाही. सुपरमॅन १९३८ साली अवतरला. पुढे त्याला उत्तर ध्रुवाकडील एकांतवासाचा जो किल्ला मिळाला, तो त्याच नावानिशी ‘डॉक सॅव्हेज’ या १९३३ पासून प्रसिद्ध होणाऱ्या कथामालेत आधीच उभा होता. १९३९ मधील बॅटमनची पहिली कथा ‘द शॅडो’ या नायकाच्या १९३६ मधील एका कथेवरून बेतलेली होती. पण उसनवारीवर उभ्या राहिलेल्या या घराने दुसऱ्यांना मात्र उसने घेऊ दिले नाही. १९३९ साली ‘वंडर मॅन’ नावाचा नवा नायक बाजारात येताच सुपरमॅनच्या मालकांनी न्यायालय गाठले. १९४० साली अपील न्यायालयाने निकाल दिला, की अचाट बळाचा परोपकारी नायक ही कल्पना कोणाचीही मिरास नाही. मात्र तिला दिलेले विशिष्ट रूप व प्रसंग उचलणे गैर आहे. वंडर मॅनने ते उचलले होते, म्हणून तो हरला. निकाल रास्तच होता.

त्यापुढचा दावा अधिक उद्बोधक आहे. फॉसेट या प्रकाशनसंस्थेने १९४० मध्ये ‘कॅप्टन मार्व्हल’ काढला. एक मंत्राक्षर उच्चारताच पोरगेला मुलगा महावीर बनतो, ही त्याची गंमत. वाचकांनी त्याला असे डोक्यावर घेतले की काही काळ तो खपात सुपरमॅनच्याही पुढे गेला. १९४१ साली दावा दाखल झाला आणि तो बारा वर्षे चालला. शेवटी फॉसेटने चार लक्ष डॉलर मोजून तडजोड केली आणि १९५३ साली कॅप्टन मार्व्हल बंद झाला. यानंतर जे झाले ते एखाद्या प्रहसनात शोभावे. नाव मोकळे पडलेले पाहून मार्व्हल कंपनीने १९६७ साली आपला स्वतंत्र ‘कॅप्टन मार्व्हल’ काढला. ज्यांनी मूळच्या नायकाला नक्कल म्हणून गाडले, त्याच डीसीने १९७२ साली त्याचे हक्क भाड्याने घेतले. पण तोवर नाव परक्याचे झाले होते. त्यामुळे १९७३ साली त्याला पुनर्जन्म मिळाला तो ‘शझाम’ या मंत्राक्षराच्या नावाने!

कंपन्यांची आपसातील देवघेव मात्र कधीच थांबली नाही. डीसीची १९६० मधील वीरमंडळी खपते असे पाहून मार्व्हलच्या मालकाने आपल्या संपादकाला, स्टॅन ली यांना, तशीच टोळी निर्माण करावयास सांगितले आणि १९६१ साली ‘फँटॅस्टिक फोर’ जन्मास आले. १९६३ साली तर अवघ्या तीन महिन्यांच्या अंतराने दोन्ही घरांतून समाजाने दूर लोटलेल्या वीरांची एकेक टोळी निघाली आणि दोन्हींचे म्होरके चाकांच्या खुर्चीवर बसलेले बुद्धिमंत होते. कोणी कोणाचे पाहिले, हा वाद अजून मिटलेला नाही. मात्र या उसनवारीने वाचकाचे नुकसान झाले नाही, हे मान्य केले पाहिजे. ‘फँटॅस्टिक फोर’ने नमुना घेतला, पण त्या वीरांना घरगुती भांडणे, रुसवेफुगवे आणि मनाच्या जखमा दिल्या. घेतलेल्या बियाणातून निराळे पीक काढणाऱ्यास चोर म्हणता येत नाही.

आम्हां मराठी माणसांना तर हे सांगण्याचीही गरज पडू नये. रामकथा वाल्मीकींची, ती एकनाथांनी सांगितली, श्रीधरांनी सांगितली, मोरोपंतांनी नाना तऱ्हांनी सांगितली. कोणी कोणावर दावा लावला नाही. या गोमंतभूमीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापले, तेव्हा ज्या पुराणांशी त्यांची स्पर्धा होती त्यांचीच ओवी त्यांनी उचलली. त्यामुळे ओवी आटली नाही. मराठीच्या भांडारात भर पडली. आणि ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून अमेरिकेचा फँटम मराठीत आला तो आमच्या वेताळाचे नाव लावून! गावोगावच्या आमच्या ग्रामदैवताने त्याबद्दल कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

मग अन्याय कोठे आहे? तो मालकांच्या आपसातील उसनवारीत नाही. तो, ज्याने मूळ घडविले त्याचे नाव आणि दाम बुडविण्यात आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅन निर्माण केला आणि १३० डॉलरला त्याचे सर्व हक्क लिहून दिले. मालक गबर झाले. हक्क मागण्यासाठी निर्माते १९४७ साली न्यायालयात गेले, तेव्हा त्यांची नावेही चित्रकथेवरून पुसली गेली. उतारवयात लोकमताचा रेटा आला तेव्हा कोठे १९७५ साली दोघांना वर्षाला प्रत्येकी वीस हजार डॉलरचे निवृत्तिवेतन मिळाले आणि नावे परत लागली. बॅटमन घडविण्यात निम्म्याहून अधिक वाटा असलेले बिल फिंगर १९७४ साली निवर्तले. त्यांचे नाव अधिकृतपणे लागले ते २०१५ मध्ये. प्रतिस्पर्ध्याने रेघ ओढली तर बारा वर्षे खटला चालविणारे हे मालक ज्याची रेघ त्यालाच मात्र विसरले. बळी तो कान पिळी, दुसरे काय!

आपल्या संतांनी या प्रश्नाचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. विठ्ठल सर्वांचा, अभंगाचा साचा सर्वांचा. पण शेवटी ‘तुका म्हणे’ किंवा ‘एका जनार्दनी’ ही नाममुद्रा ज्याची त्याची. कथा समाईक, कर्तृत्व स्वतःचे, हा आमचा जुना न्याय आहे. आपला कायदाही त्याच दिशेने बोलतो. कल्पनेवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो, तो तिच्या आविष्कारावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली एका नाटकावरून चित्रपट केल्याच्या तक्रारीत स्पष्ट केले. आणि १९५७ च्या कायद्याचे ५७ वे कलम सांगते, की हक्क विकून टाकल्यावरही ‘ही कृती माझी’ असे म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार शाबूत राहतो.

पण कायद्यातील अधिकार आणि पदरात पडलेला अधिकार यांत अंतर असते. स्वातंत्र्य मागणाऱ्या पिढीने हे पुरेपूर अनुभवले आहे. १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘अमर चित्रकथे’तील कृष्ण घराघरांत पोहोचला. तो रेखाटणारे हात राम वाईरकरांचे, हे किती घरांना ठाऊक आहे? मोठ्या संस्थांशी करार करताना ‘सर्व हक्क कायमचे’ या ओळीखाली सही करणारा तरुण चित्रकार आजही आपण काय देऊन टाकतो हे जाणत नाही. प्रकाशकांनी कर्त्याचे नाव मुखपृष्ठावर छापावे, पुस्तकाचा चित्रपट वा खेळणे झाले तर त्याचा वाटा करारातच लिहावा आणि साहित्यसंस्थांनी नवोदितांना असे करार वाचून दाखविण्याची सोय करावी, ही आमची मागणी आहे. यात कोणावर उपकार होत नाहीत.

सुपरमॅनच्या पहिल्या कथेवरील अमेरिकेतील स्वामित्वहक्क १ जानेवारी २०३४ रोजी संपेल. त्या दिवशी ती कथा कोणालाही छापता येईल. ज्या लोककल्पनेतून ती आली तेथेच ती परत जाईल. कुंपणे अशी उशिरा का होईना, पण पडतात. मात्र ज्यांची हयात त्या कुंपणाबाहेर उभे राहण्यात गेली, त्यांना त्या दिवसाचा काय उपयोग?