न्यायालयाचें माजघर

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं एखादा पदवीधर मुलगा अथवा मुलगी नोकरीच्या जाहिराती चाळीत असेल. जिल्हा न्यायालयांतील कनिष्ठ लिपिकाची जागा निघाली कीं वडील मंडळींत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "सरकारी पगार आहे, अर्ज करून टाक." दुसरा म्हणतो, "कायद्याची पदवी घेऊन अखेर कारकुनीच करावयाची काय?" ह्या वादांत त्या जागेवर बसून करावें काय लागतें, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. म्हणून ह्या महिन्यांत आम्ही न्यायालयाच्या एका अशा शाखेविषयीं लिहीत आहों कीं जिचें नांवहि पक्षकाराच्या कानीं जात नाहीं. ती म्हणजे आस्थापना-शाखा.

घराला दिवाणखाना असतो तसें माजघरहि असतें. पाहुणा दिवाणखाना पाहून जातो. घर चालतें तें माजघराच्या जिवावर. न्यायासन, वकील, साक्षीपुरावा हा न्यायालयाचा दिवाणखाना होय. पण न्यायाधीश, लघुलेखक, बेलिफ, शिपाई, पहारेकरी ह्या सर्वांची नेमणूक, रजा, बदली, बढती, पगार आणि निवृत्ति ह्यांचे कागद जेथें तयार होतात, तें हें माजघर. नवा लिपिक येथेंच येईल असें नाहीं. नक्कल-शाखा, अभिलेख-कक्ष अथवा नाझराची कचेरी ह्यांपैकीं कोठेंहि त्याची नेमणूक होऊं शकते. परंतु जो येथें येतो, त्याच्या हातीं पहिल्याच दिवशीं सहकाऱ्यांचीं सेवापुस्तकें पडतात.

सेवापुस्तक म्हणजे नोकराची जन्मपत्रिकाच म्हणाना! फरक इतकाच कीं पत्रिकेंतील भविष्य खरें ठरेलच असें नाहीं, ह्या पुस्तकांतील नोंद मात्र खरी मानूनच पुढील सर्व हिशेब होतो. जन्मतारखेचेंच उदाहरण घ्या. महाराष्ट्रांत तृतीय श्रेणीचा कर्मचारी ५८ व्या वर्षीं व चतुर्थ श्रेणीचा ६० व्या वर्षीं निवृत्त होतो, आणि तोहि ज्या महिन्यांत तें वय पुरें होतें त्याच्या अखेरच्या दिवशीं. मात्र जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर मागील महिन्याच्या अखेरीसच सेवा संपते. आपल्याकडे शाळेंत नांव घालतांना गुरुजींनीं सोईसाठीं १ जून ही तारीख लिहून टाकल्याचीं उदाहरणें घरोघर सांपडतील. त्या मंडळींना ३१ मे रोजींच निरोपाचा नारळ मिळतो. २ जूनचा मनुष्य मात्र ३० जूनपर्यंत पगार घेतो. ही तारीख बदलून घ्यावयाची तर सेवेंत आल्यापासून पांच वर्षांच्या आंत अर्ज करावा लागतो. मुदत टळली कीं खरा दाखलाहि बहुधा निरुपयोगी ठरतो. सावध लिपिक नव्या माणसाला ही गोष्ट पहिल्याच वर्षीं सांगून ठेवतो.

रजेचें तसेंच. अर्जित रजा १ जानेवारी व १ जुलै रोजीं पंधरा-पंधरा दिवस जमा होते व ३०० दिवसांपर्यंत सांठवितां येते. जे दीर्घ सुटी उपभोगतात, त्यांचा हिशेब निराळा. निवृत्तीच्या वेळीं शिल्लक रजेचे पैसे मिळतात, म्हणून वीस वर्षांपूर्वींची एक राहिलेली नोंदहि त्या दिवशीं आडवी येते. जुना कागद किती मोलाचा ठरतो पाहा! १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या सेवेंत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन-योजना लागू राहिली नाहीं. पुढें २०२४ सालीं, ज्यांच्या पदाची जाहिरात त्या तारखेपूर्वीं निघाली होती, अशा कर्मचाऱ्यांना जुन्या योजनेचा विकल्प देण्यांत आला. म्हणजे जवळजवळ दोन दशकांपूर्वींच्या जाहिरातीची तारीख एखाद्या कुटुंबाच्या म्हातारपणाची काठी ठरली.

एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांनीं नामनिर्देशनाकडे विशेष लक्ष द्यावें. अविवाहित तरुण नोकरीला लागतांना आईचें वा भावाचें नांव लिहितो. पुढें लग्न होतें, मुलें होतात, पण कागद तसाच राहतो. दुर्दैवानें तो मनुष्य अकालीं गेला, तर शोकांत बुडालेल्या सुनेला कचेरीचे उंबरे झिजवावे लागतात, आणि दीर-जावांत नसता वांकडेपणा शिरतो. ज्या घरांत कोणी नोकरींत असेल, त्यानें आपलें सेवापुस्तक वर्षांतून एकदां पाहून सही करावी. तो केवळ उपचार नव्हे.

ह्या शाखेचें महत्त्व एवढ्यावरच संपत नाहीं. न्यायाधीशाची बदली कोणाच्या हातीं असावी, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनीं सोसलेला आहे. माधवराव रानडे पुण्यास न्यायाधीश असतां १८७८ सालीं त्यांची नाशिकास बदली झाली. आणि १८७९ सालीं, वासुदेव बळवंत फडके ह्यांच्या बंडाच्या दिवसांत, त्यांना धुळ्यास धाडण्यांत आलें. तेथें त्यांचें टपाल फोडलें जात असे, ही हकीकत रमाबाईंनीं आपल्या आठवणींत नमूद केली आहे. बदलीचा एक कागद राज्यकर्त्यांच्या संशयाचें हत्यार कसा होतो, हें त्यावरून दिसतें. म्हणूनच १९५० सालीं अंमलांत आलेल्या आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २३५ नें जिल्हा व दुय्यम न्यायालयांवरील नियंत्रण, नेमणुकीचें ठिकाण, बढती आणि रजा ह्यांसह, उच्च न्यायालयाकडे सोंपविलें. आणि अनुच्छेद २२९ नें उच्च न्यायालयाच्या स्वतःच्या नोकरवर्गाची नेमणूक मुख्य न्यायमूर्तींकडे दिली. तत्त्व संविधानांत असतें, पण त्याचा रोजचा व्यवहार लिपिकाच्या मेजावरून होतो. रजेचा अर्ज, कार्यभार घेतल्याचा अहवाल, गोपनीय पाकीट, हें सर्व बिनचूक, वेळेवर आणि चार तोंडीं न होतां जावें, ह्यांतहि न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याचा अंश आहे.

आतां व्यवहाराचें बोलूं. २०२३ च्या जाहिरातींत ह्या पदासाठीं पदवी, टंकलेखनाचा वेग मिनिटास मराठी ३० व इंग्रजी ४० शब्द आणि संगणकाचें ज्ञान मागितलें होतें; कायद्याच्या पदवीधरांना प्राधान्य होतें. मूळ वेतनश्रेणी १९,९०० ते ६३,२०० रुपये, भत्ते निराळे. पुढें वरिष्ठ लिपिक, सहायक अधीक्षक, अधीक्षक अशा पायऱ्या आहेत. पण त्या चढावयास धीर लागतो. काम एकसुरी आहे. महिनाअखेर पगाराचीं देयकें तयार करतांना घड्याळाकडे पाहतां येत नाहीं. शिवाय येथें एक सूक्ष्म मोह आहे. आपल्याच सहकाऱ्याचा कागद दाबून ठेवण्याची सत्ता ह्या लहान खुर्चीला मिळते. जो ती वापरतो, तो न्यायाच्या घरांतच अन्याय करतो.

तेव्हां आमचें सांगणें असें: ज्याला वादविवादाची आवड आहे, त्यानें वकिलीचा मार्ग धरावा, ह्या खुर्चींत त्याचा जीव रमणार नाहीं. पण ज्या मुलामुलींचें अक्षर व हिशेब स्वच्छ आहे, ज्यांना दुसऱ्याची गोष्ट पोटांत ठेवतां येते आणि कोणी शाबासकी दिली नाहीं तरी ज्यांचें काम बिघडत नाहीं, त्यांना घरच्यांनीं "कारकून" म्हणून हिणवूं नये. एखादा म्हातारा शिपाई निवृत्तीच्या दिवशीं रिकाम्या हातानें घरीं जाईल, कीं आपला पूर्ण हक्क घेऊन जाईल, हें पुष्कळ अंशीं त्यांच्या लेखणीवर अवलंबून असतें.