खांब आणि दिवा

नागपूर शहराच्या उत्तरेस कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक वीजकेंद्रांची उत्तुंग धुराडी दुरूनच दृष्टीस पडतात. तेथे कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेच्या जोरावर प्रचंड चक्रे फिरवून वीज निर्माण करतात. कोराडीचे केंद्र १९७४ साली सुरू झाले. उंच मनोऱ्यांवरील तारांतून ही वीज दूरदूरच्या शहरांना व कारखान्यांना जाऊन पोहोचते. त्याच तारांखाली वसलेल्या लहानशा खेड्यालाही तिचा योग्य वाटा मिळावा, ही अपेक्षा कोणालाही रास्तच वाटेल. परंतु तो वाटा खरोखर मिळाला, हे ओळखावे कशावरून?

या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. १९९७ पूर्वी आपल्या देशात एखाद्या गावाच्या शिवारात कोणत्याही कामासाठी वीज वापरली जाऊ लागली, की ते गाव ‘विद्युतीकृत’ म्हणून गणले जाई. शेतातील विहिरीवर एक पंप चालू झाला आणि गावातील घरोघरी कंदीलच तेवत राहिले, तरी कागदावर ते गाव उजळलेले असे! १९९७ मध्ये हा नियम पालटला. वस्तीत वीज पोहोचणे आवश्यक ठरले. पुढे २००४ मध्ये तो आणखी कडक झाला. शाळा, दवाखाना, पंचायत यांसारख्या सार्वजनिक जागी वीज हवी आणि निदान शेकडा १० घरांत ती पोहोचलेली हवी, असे ठरले. ही सुधारणा खरी. पण १०० घरांच्या गावात ९० घरे अंधारात राहिली, तरी हा नियम पाळला जातोच. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लेइसांग या गावी वीज पोहोचली आणि देशातील शेवटचे गाव जोडले गेले, असे जाहीर झाले. गावे मोजण्याचे काम असे पूर्ण झाले. घरे मोजण्याचे काम मात्र त्यानंतरही चालूच राहिले. २०१७ च्या ‘सौभाग्य’ योजनेने गावाऐवजी घर हे माप धरले, ते याच कारणाने.

माप कोणते धरावे, याचा एक चांगला धडा खुद्द नागपूरच्याच इतिहासात आहे. १९४३ साली देशातील प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरात एकत्र जमले आणि त्यांनी पुढील वीस वर्षांसाठी रस्त्यांची आखणी केली. ती ‘नागपूर योजना’ या नावाने प्रसिद्ध आहे. विकसित शेतीच्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांहून अधिक दूर असू नये, हे तिचे एक उद्दिष्ट होते. रस्ता किती लांब बांधला, एवढेच पाहून ते अभियंते थांबले नाहीत. गावापासून रस्ता किती दूर राहिला, असा विचार त्यांनी गावाच्या बाजूने केला. विजेच्या योजनेतही हीच दृष्टी हवी. खांब किती रोवले हा योजनेचा आरंभ होय. दिवा किती घरांत आणि किती तास जळतो, ही तिची खरी कसोटी होय.

काटोल, नरखेड या भागांतील संत्र्यांच्या बागांचे उदाहरण घ्यावे. आंबिया बहराची कोवळी फळे ऐन उन्हाळ्यात झाडावर असतात. त्या वेळी विहिरीचे पाणी वेळेवर मिळाले नाही, तर ती गळून पडतात. शेतीच्या पंपांना वीज पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, देण्याची पद्धत महाराष्ट्रात दीर्घकाळ रूढ आहे. रात्रीच्या पाळीत शेतकऱ्याला साप-विंचवाच्या भीतीत, काळोखातून बांधावर जावे लागते. वीज आहे, पण ती सोयीच्या वेळी नाही, अशी ही स्थिती होय. सूर्याच्या उष्णतेने तापणाऱ्या या प्रदेशात सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करून ती पंपांना दिवसा द्यावी, या हेतूने राज्याने २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना हाती घेतली. शेतकऱ्याची खरी अडचण ओळखून केलेली आखणी ती हीच.

काही विचारवंत म्हणतील, “पैसा थोडा आहे. दूरच्या वाडीसाठी लांब तार न्यायची आणि तेथे दिवे लागणार चार! हा व्यवहार परवडेल कसा?” हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हे. अमेरिकेतही १९३५ च्या सुमारास दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरी वीज होती. फायदा नाही म्हणून खासगी कंपन्या तेथे जात नसत. तेव्हा सरकारने कर्ज दिले, शेतकऱ्यांनी सहकारी संस्था उभारल्या आणि पुढील वीसेक वर्षांत बहुतेक घरी दिवे लागले. तार पोहोचली, की मागून पिठाची गिरणी येते, पंप येतो, लहानसा कारखाना येतो आणि विजेचा खप वाढतो. म्हणून आजचे चार दिवे मोजून योजना आखू नये. उद्याचे पंप व उद्याची घरे ध्यानात घेऊनच रोहित्र बसवावे. नाहीतर वाढता भार न सोसून ते जळते आणि सारे गाव अंधारात बुडते.

गावकऱ्यांचेही काही कर्तव्य आहे. तारेवर चोरून आकडा टाकणारा मनुष्य सरकारची वीज चोरतो असे त्याला वाटते. वस्तुतः तो शेजाऱ्याच्या घरातील दिवा मंद करीत असतो. वापरलेल्या विजेचे मोल वेळेवर चुकते करणे, हाही योजनेचाच भाग आहे.

शासनाने गावाच्या गरजेवरून आखणी करावी आणि गावाने ती प्रामाणिकपणे सांभाळावी. असे झाले, तरच खांबावरील तार घरातील मुलाच्या पुस्तकापर्यंत प्रकाश घेऊन येईल. त्या पुस्तकावर उजेड पडेपर्यंत विद्युतीकरण पूर्ण झाले, असे कोणी म्हणू नये.