स्ट्रॉबेरी आली दारात, नासाडी कुणाच्या पदरात?

हल्ली डिसेंबर उजाडला की आमच्या तालुक्याच्या गावातही हातगाडीवर स्ट्रॉबेरीचे डबे दिसू लागतात. पूर्वी कुणी महाबळेश्वरला सहलीला गेलं, तरच ही चैन. देशातली बहुतेक स्ट्रॉबेरी याच महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात पिकते. २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. आता ती आपल्या दारात आली, याचं कौतुकच. पण हौसेनं घेतलेला डबा दुसऱ्या दिवशी उघडावा, तर खालच्या थरावर राखाडी लव!

आपण लगेच फळवाल्याला बोल लावतो, नाहीतर आपल्याच फ्रिजला. मला विचाराल तर दोष मधल्या वाटेचा आहे. हे नाजूक फळ तोडल्यापासून शून्य अंशाच्या आसपास ठेवलं, तरच टिकतं. मोठ्या शहरात निदान काही दुकानांत थंड कपाटं असतात. आपल्याकडे आधी टेम्पो, मग स्टँड, मग दिवसभर उन्हात गाडी. शीतगृहांचा विषय निघतो तो बहुधा द्राक्षं नाहीतर कांद्यासाठी. तालुक्याच्या बाजारातही एखादी थंड खोली हवी, असं कुणी म्हणताना दिसत नाही. मग शेवटची नासाडी येते ती आपल्या घरखर्चावर.

म्हणून घेतानाच डबा उलटा करून बघा. तळाला रस सुटलेला असेल तर स्वस्तात मिळाला तरी नको. ‘दोन दिवसांत पिकेल’ असं सांगून कुणी पांढरट फळ गळ्यात मारू पाहील. तोडल्यावर स्ट्रॉबेरी मऊ पडते, लालही होते, पण गोडी काही वाढत नाही.

घरी आल्यावर आधी निवडा. एका फळाची बुरशी शेजारच्याला लागते. धुऊन ठेवू नका, देठही काढू नका. ओलावाच तिचा वैरी. पसरट डब्यात कागद घालून एकेरी थर लावा, झाकण किंचित उघडं ठेवून फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवस निघतात. काहीजणी तीन वाट्या पाण्यात एक वाटी पांढरं व्हिनेगर घालून त्यात फळं बुडवतात, मग साध्या पाण्यानं धुतात. बुरशीला आळा बसतो, पण नंतर पंख्याखाली अगदी कोरडी करायला हवीत, नाहीतर न धुतलेली बरी. आपली जांभळं-करवंदंही अशीच निवडून, कोरडी ठेवावीत.

मऊ पडलेल्यांचा जॅम करा. बुरशी लागलेलं फळ मात्र कापून वापरू नका, टाकूनच द्या. जास्तीची फळं धुऊन, पुसून, ताटलीत सुटी गोठवा आणि पिशवीत भरा, मिल्कशेकला होतात. वीज बराच वेळ गेली आणि ती पाघळली, तर पुन्हा गोठवायची नाहीत, त्याच दिवशी संपवायची.