‘तुम्ही बसा आता!’

‘‘तुम्ही बसा आता, आम्ही करतो.’’ हे वाक्य आपण किती प्रेमाने म्हणतो, नाही का? मीही म्हटलं होतं.

झालं असं की, दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई गॅसवर दूध ठेवून विसरल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. पातेलं पार जळून काळं झालं. तसं ते माझ्याही हातून कितीदा होतं! पण माझं झालं की ‘कामाच्या गडबडीत विसरली’ आणि त्यांचं झालं की ‘वय झालं’. त्या दिवसापासून त्यांचं स्वयंपाकघर बंद. मग बाजार बंद, दूधवाल्याचा हिशेब बंद. कपाटाच्या किल्ल्याही माझ्याकडे आल्या.

आत्याबाई शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. पण कुणाच्या लग्नात कुणी काय आहेर केला, कोणत्या साली कांद्याने रडवलं, सगळं तोंडपाठ. अशी बाई सहा महिन्यांत गप्प झाली. काही विचारलं की ‘‘माले काय माहीत’’ एवढंच. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायच्या. आमच्या सटाण्याची देवमामलेदारांची यात्रा त्यांनी कधी चुकवली नव्हती. त्या वर्षी तिथेही यायला नको म्हणाल्या. तेव्हा मात्र माझ्या पोटात धस्स झालं.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. बी-१२ कमी, बीपी वाढलेलं आणि कानांनी धड ऐकू येत नव्हतं. म्हणजे ज्याला आम्ही ‘विसरणं’ म्हणत होतो, त्यातलं निम्मं त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं! आणि आम्ही त्यांच्यावर ओरडत होतो. लाज वाटली मला.

मग मी या विषयावर वाचायला लागले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ साली सांगितलं की, स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या १४ गोष्टी अशा आहेत, ज्यांवर काही ना काही करता येतं. त्या सगळ्या आवरल्या तर जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल. कमी ऐकू येणं, कमी दिसणं, बीपी, शुगर, हालचाल नसणं, मनाची उदासी, एकटेपणा या त्यातल्याच. आणि यादीत आणखी एक गोष्ट होती, लहानपणी शिक्षण न मिळणं. ती वाचून मी थांबलेच. मुलगी म्हणून जिला शाळेत घातलं नाही, तिने त्याची किंमत म्हातारपणीही मोजायची? आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज एका मोठ्या पाहणीतून २०२३ साली पुढे आला. त्यात पुरुषांपेक्षा बायकांचं आणि शहरांपेक्षा खेड्यांचं प्रमाण जास्त आहे. ही दुखणी आपल्याच दारातली आहेत, मैत्रिणींनो.

पण गेलेली शाळा परत आणता येते. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी साड्या नेसून, दप्तर घेऊन पाटीवर अक्षरं गिरवायला बसल्या. ती शाळा विस्मरणावरचा इलाज म्हणून काढलेली नव्हती. अंगठ्याऐवजी सही करता यावी, चार अक्षरं वाचता यावीत, एवढंच. पण मला वाटतं, नवं शिकणं, घराबाहेर पडणं आणि चार जणींची सोबत, या तिन्ही गोष्टी म्हाताऱ्या मेंदूला तिथे एकदम मिळाल्या.

आम्ही घरात आमच्यापुरतं केलं. औषधं सुरू झाली, कानाला मशीन आलं. पहिले पंधरा दिवस त्यांनी कुरकुर करत ते काढून ठेवलं; नातीने गोडीगुलाबीने सवय लावली. दूधवाल्याचा हिशेब परत त्यांच्याकडे दिला. चुकला तर चुकला! माझ्या बचत गटाच्या बैठकीला त्यांना नेऊ लागले. तिथल्या तरण्या पोरींना त्या सांडगे-पापडांची प्रमाणं सांगतात आणि नातीकडून मोबाइलवर बोललेला निरोप पाठवायला शिकल्यात. नाव विसरतात अजून, पण हसतात. आणि भांडतातही!

सगळ्यांचंच असं सावरतं, असं मी म्हणणार नाही. किल्ली कुठे ठेवली हे आपण सगळेच विसरतो. पण रोजचा रस्ता चुकणं, पैशांचा व्यवहार न कळणं, स्वभावच बदलणं, असं दिसलं तर वयावर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा. खरोखरीच आजार निघाला, तर त्यात त्या माणसाचा दोष नाही आणि सांभाळणाऱ्या सुनेचाही नाही.

पण त्याआधी कान, डोळे, बीपी, शुगर तपासून घ्या. आणि प्रेमाने का होईना, त्यांच्या हातचं काम काढून घेऊ नका. मी आता चाळिशीत आहे. उद्या माझं दूध उतू गेल्यावर माझ्या सुनेने मला ‘तुम्ही बसा’ म्हणू नये. ‘‘आई, भांडं घासू आपण, पण उद्याही दूध तुम्हीच तापवा,’’ असं म्हणावं. तुम्हाला काय वाटतं?