जामीन झाला, पुढे काय?

21 जुलै 2025 ला उच्च न्यायालयाने मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात बारा जणांची शिक्षा रद्द केली, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. बरं केलं. पण मारामारीत नाहीतर मोबाइलचोरीत बीडच्या जिल्हा कारागृहात बसलेला आपल्याच मोहल्ल्यातला पोरगा? तो आपल्यासाठी ‘टपोरी’.

पहिल्याच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, की काही अपवाद सोडता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे त्याला बंधपत्रावर सोडायला हवं. हे त्याच्या अम्मीला सांगणार कोण? जकातीच्या आठ खर्चांत मान सोडवणंही आहे. आपली जकात रेशन किटवरच थांबते.

नुसता वकील देऊनही भागत नाही. मुंबईत ‘टिस’चा ‘प्रयास’ 1990 पासून कैद्यांसोबत आत आणि बाहेरही काम करतो. आमच्या कंपनीत नव्या इंजिनिअरला सहा महिने मेंटॉर असतो, आणि त्याला तर कुणी ‘जेलवाला’ म्हणतही नाही! सुटकेआधी मुलाखतीला जाणारा, सुटल्यावर तारखेला सोबत बसणारा, गॅरेजवाल्याकडे शब्द टाकणारा एक भाई या पोरालाही हवा. गेवराई, माजलगाव, परळीच्या दोस्तांनो, येत्या जुम्याला मस्जिद कमिटीला विचारा: आपल्या मोहल्ल्यातले किती जण आत आहेत?